लांब दुपार, हलकी थाळी आणि उशाशी कादंबरी

चैत्र लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत दोन विषय पुन्हा पुन्हा येत आहेत. निवृत्तीनंतर हाती आलेला वेळ कादंबऱ्यांना कसा द्यावा, हा एक. आणि उन्हाळ्यात शेगडीपुढे फार वेळ न घालवता पोटाला सोसेल असे काय रांधावे, हा दुसरा. वरवर पाहता यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु सारी पत्रे एकत्र वाचली तेव्हा असे दिसले की दोन्ही प्रश्न दुपारचे आहेत. सकाळी नऊच्या सुमारास ओटा पुसून झाला आणि जेवणही बेताचे झाले, तर त्यापुढचे पाच-सहा तास सलग आपले असतात, आणि एवढा अखंड वेळ नोकरीच्या काळात बहुतेकांच्या वाट्याला रजेच्या दिवशीसुद्धा आलेला नसतो. म्हणून या अंकात दोन्ही प्रकारच्या पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना ‘तुंबाडचे खोत’सारख्या जाडजूड कादंबऱ्या विकत घेऊन कपाटात ठेवत गेलो आणि ‘निवृत्तीनंतर वाचू’ असे म्हणत राहिलो. आता वाचायला बसतो तर वीस पानांत लक्ष उडते, माणसांची नावे विसरतात, आणि जेवणानंतर हातात पुस्तक घेतले की झोप लागते. माझी वाचनाची क्षमताच संपली आहे काय? सुरुवात कोठून करावी?
— एक निवृत्त अधिकारी, सोलापूर

उत्तर : क्षमता संपलेली नाही, सवय मोडलेली आहे. तीस-पस्तीस वर्षे आपण जे वाचत होता त्यात परिपत्रके, टिपणे, अहवाल असणार. असा मजकूर माणूस कामाची ओळ शोधत वाचतो, ती सापडली की उरलेला भाग नजरेआड करतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. कादंबरीत कामाची ओळ अशी वेगळी नसते, त्यामुळे नजर पानावरून सवयीने धावत राहते आणि हाती काही लागत नाही. हे दुरुस्त होण्यास काही आठवडे लागतात आणि त्या काळात जाड पुस्तकाशी झुंजणे हा निव्वळ हट्ट ठरतो.

आरंभ लहान कादंबऱ्यांपासून करावा, मात्र लहान म्हणजे किरकोळ असे समजू नये. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवण्यासाठी आलेल्या एका कोवळ्या वयाच्या मास्तराची गोष्ट आहे. तिची वाक्ये आखूड आहेत, प्रसंग स्वच्छ आहेत, आणि शेवटी दुष्काळ ज्या रीतीने वस्ती रिकामी करीत जातो ते वर्णन सोलापुरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) ही तर दुसरे महायुद्ध दाराशी आले असताना युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका बोटीवरच घडते. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, मायदेशी परतणारा चक्रधर आणि त्याला भेटलेली हॅर्टा एवढ्या सामग्रीवर बेडेकरांनी जे उभे केले आहे, ते पुढे कित्येक मराठी लेखकांना तिप्पट पानांत साधले नाही, असे माझे मत आहे. अशी दोन-तीन पुस्तके पूर्ण झाली की आपला जुना वेग आणि मुख्य म्हणजे आपला धीर परत येईल.

त्यानंतर कपाटातल्या जाड पुस्तकांकडे वळावे. आपण पत्रात ज्यांचा उल्लेख केला आहे ते श्री. ना. पेंडसे यांचे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांचे आहे आणि त्यात जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे, तेव्हा नावे विसरणे अगदी स्वाभाविक आहे. एक जुने पोस्टकार्ड घ्यावे, त्यावर वाचता वाचता घराण्याची वंशावळ पेन्सिलीने लिहीत जावी आणि तेच कार्ड पानात खूण म्हणून घालावे. लेजर सांभाळलेल्या माणसाला हे काम आवडेल, असा माझा अंदाज आहे. कन्नडमधून उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलेल्या एस. एल. भैरप्पा यांच्या मोठ्या कादंबऱ्यांनाही ही युक्ती तितकीच उपयोगी पडते.

मोठे पुस्तक एका दमात संपवावे, ही अपेक्षाही सोडून द्यावी. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. तिच्या पहिल्या वाचकांना एका आठवड्यात अंकापुरताच भाग मिळत असे आणि पुढच्या अंकाची वाट पाहणे हा वाचनाचाच भाग होता. आजही ती कादंबरी रोज एक-दोन प्रकरणे या हिशेबाने वाचली तर तिची नायिका यमू हिची कहाणी अधिक झोंबते. जाता जाता, आपटे १९१९ मध्ये निवर्तले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांचे लेखन संगणकावर वा मोबाइलवर विनामूल्य वाचण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

झोपेविषयी इतकेच सांगेन की कादंबरी हाती घेण्याआधी ताटात काय होते ते पाहावे. शेंगदाण्याची चटणी, तेलाचा तवंग आलेली आमटी आणि चार भाकऱ्या यांच्यानंतर कोणत्याही लेखकाचे काही चालत नाही. पुढचे पत्र याच विषयावर आहे.

प्रश्न : माझी पत्नी शिक्षिका असून तिची तीन वर्षे अजून बाकी आहेत. उन्हाळ्यात तिची शाळा सकाळची असते आणि ती एकच्या सुमारास घरी येते. मी निवृत्त झाल्यापासून दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. वरण, भात, पोळी, बटाट्याची भाजी एवढे जमते. पण येथे पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि अकरा वाजता शेगडीपुढे उभे राहणे अशक्य होते. सकाळी लवकर करून ठेवता येईल, दुपारपर्यंत बिघडणार नाही, आणि मला माझ्या पुस्तकाकडे वळता येईल, असे काही सुचवाल काय?
— एक निवृत्त अभियंता, नागपूर

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले, कारण निवृत्त पुरुषांकडून येणाऱ्या पत्रांत स्वयंपाकाविषयी सल्ला विचारलेला क्वचितच असतो, बहुतेकांना जेवणाविषयी तक्रार तेवढी करायची असते.

आधी हे पाहावे की स्वयंपाकघरात उष्णता कशाने वाढते. भाकरी, पोळी आणि उघड्या पातेल्यात रटरटणारे पदार्थ खोली तापवतात. त्यामानाने कुकर बरा. भात आणि डाळ एकावर एक ठेवून एकदाच लावावा, शिट्ट्या झाल्या की आच बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. पोळ्या सकाळी सातच्या आत करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस त्यांना चक्क सुट्टी द्यावी.

सुट्टीच्या दिवसाचा पहिला मान दहीभाताला. एक वाटी तांदळाचा भात नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी घालून मऊ करावा, गरम असतानाच डावाने मोडावा, आणि कोमट झाल्यावर त्यात एक-दीड वाटी दूध व दोनच चमचे दही कालवावे. येथेच पुष्कळांचे गणित चुकते. सकाळी नुसते दही घालून ठेवलेला भात नागपूरच्या हवेत एक वाजेपर्यंत आंबट होतो. दुधात विरजलेला भात मात्र तोपर्यंत नुकता लागलेला असतो. वरून तुपाची फोडणी द्यावी, तीत जिरे, हिंग, कढीपत्ता, किसलेले आले आणि एखादी सांडगी मिरची असावी. काकडी किंवा डाळिंबाचे दाणे वाढतेवेळीच घालावेत, कारण मीठ लागताच काकडीला पाणी सुटते. उरलेला भात संध्याकाळसाठी बाहेर ठेवू नये. साधा शिजवलेला भातही उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ ओट्यावर राहू देऊ नये. निववून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा, कारण त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

दुसरा पदार्थ कोकणातला आहे, परंतु तो विदर्भात का रुजला नाही हे मला कळलेले नाही. दडप्या पोह्यांना शेगडी लागते ती एका फोडणीपुरती. पातळ पोहे, भरपूर ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि किंचित साखर हे सारे हलक्या हाताने कालवावे, नारळाचे पाणी असल्यास शिंपडावे, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी निववून ओतावी आणि वर ताटली ठेवून तिच्यावर वरवंटा किंवा जड तांब्या ठेवावा. अर्ध्या तासात पोहे त्या ओलाव्याने मऊ होतात. खोबरे लवकर आंबते, म्हणून हा पदार्थ सकाळी करून ठेवण्यापेक्षा घटक चिरून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि साडेबाराला पुस्तकातून उठून दडपावेत. त्या वेळी लागणारी आच मिनिटा-दोन मिनिटांची आहे.

तिसरे म्हणजे आंबील. ज्वारीचे किंवा नाचणीचे दोन-तीन चमचे पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवावे. मे महिन्यात ते सकाळपर्यंत आंबते. उठल्याबरोबर आणखी पाणी घालून, सतत ढवळत, दहा मिनिटे शिजवावे आणि निवाले की ताक, मीठ, ठेचलेला लसूण व भरडलेले जिरे घालावे. माठाशेजारी झाकून ठेवलेली ही आंबील दुपारच्या जेवणाची जागाही घेऊ शकते. सोबत किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट आणि वरून फोडणी एवढ्यावर होणारा तक्कू असला, तर भाजीची आठवण कोणाला होत नाही.

कैरीचाच विषय निघाला म्हणून आंबेडाळीबद्दल एक सावधगिरी सांगतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पन्ह्याबरोबर मिळणारी ही डाळ थंड आणि बिनआचेची असल्याने तिला हलकी समजले जाते. ती रुचकर आहे, हलकी नाही. चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ कच्चीच वाटलेली असते आणि साठीनंतरच्या पोटाला ती वाटीभर सोसत नाही. दोन-तीन चमचे तोंडीलावणे म्हणून वाढावी. तिच्या जागी तासभर भिजवलेली मुगाची डाळ, काकडी आणि कैरीचा कीस यांची कोशिंबीर केल्यास चव जवळपास तीच राहते आणि दुपारी पुस्तक हातातून गळून पडत नाही.

दह्याविषयीही लिहायला हवे. हिवाळ्यात रात्रभर लागणारे विरजण सध्याच्या हवेत चार-पाच तासांत लागते. संध्याकाळी सातला लावलेले दही सकाळी आंबट निघणारच. ते निजतेवेळी लावावे, विरजण निम्मे घ्यावे आणि पहाटे उठल्याबरोबर भांडे फ्रीजमध्ये सरकवावे.

वाचनासाठी काय निवडावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सुचवितो. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आपण वाचली नसल्यास अवश्य घ्यावी. कौतिक नावाच्या एका बाईने दारिद्र्याशी केलेला सामना तीत आहे आणि संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. ती बोली कानांना परिचित असलेल्या वाचकाला ही कादंबरी जितकी भिडते तितकी ती आम्हां पुण्या-मुंबईकडच्यांना भिडत नाही, हे मान्य करावे लागते.

प्रश्न : आपण पूर्वी एका उत्तरात माठातल्या पाण्याची थोरवी सांगितली होती. आमच्याकडे माठात पाणी गारच होत नाही. शिवाय माझे थोरले बंधू म्हणतात की या वयात कादंबऱ्या वाचणे शोभत नाही, ‘ज्ञानेश्वरी’ वाचावी. आपले मत काय?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

उत्तर : माठातले पाणी गार होते ते त्याच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेल्या ओलाव्याची वाफ होताना आतली उष्णता खर्ची पडते म्हणून. विदर्भात हवा कोरडी असल्याने ही वाफ झपाट्याने होते. आपल्याकडे समुद्रावरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने माठ घाम गाळत बसतो, पण निवत नाही. कूलरचेही तसेच आहे. आपण माठ वाऱ्याच्या झोतात तिवईवर ठेवावा, थोडा फरक पडेल. पण कोकणाचे खरे उत्तर सोलकढी हेच आहे. आठ-दहा आमसुले कोमट पाण्यात भिजवून चोळावीत, नारळाच्या जाड दुधात तो आगळ मिसळावा, लसूण व मिरची ठेचून घालावी. आचेवर ठेवू नये, कारण आंबटाबरोबर तापवलेले नारळाचे दूध फुटते. आणि ती जेवायला बसण्यापूर्वीच करावी.

बंधूंना माझा नमस्कार सांगावा. ‘ज्ञानेश्वरी’ सकाळी वाचता येते आणि कादंबरी दुपारी. कोणत्याही संतांनी याला मनाई केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कादंबरी म्हणजे वेळ घालवण्याचे साधन हा समज मात्र मराठीपुरता तरी चुकीचा आहे. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली ती विधवांच्या हालअपेष्टा सांगण्यासाठी. म्हणजे आपल्याकडे हा प्रकार जन्मला तोच गंभीर काम अंगावर घेऊन. उलट तो पुष्कळदा अति गंभीर झाला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. बंधूंना गो. नी. दांडेकर यांची ‘पडघवली’ (१९५५) वाचून दाखवावी. अंबूवहिनीच्या तोंडून सांगितलेली कोकणातल्या एका गावाच्या पडझडीची ती कथा ऐकल्यावर ते दुसऱ्या दिवशी पुढचे प्रकरण मागतील. प्रत नसल्यास आपल्याच गावचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. एवढी जुनी संस्था जवळ असताना पुस्तकांच्या किमतीची चिंता करण्याचे कारण नाही.

प्रश्न : मला नवी कादंबरी सुरू करण्याऐवजी महाविद्यालयात असताना वाचलेल्याच पुन्हा वाचाव्याशा वाटतात. मुलगी म्हणते की यात वेळ वाया जातो. खरे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीचे म्हणणे तिच्या वयाला योग्य आहे. पुस्तक तेच राहते, पण वाचणारा दुसरीकडे जाऊन उभा राहिलेला असतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आपण विशीत वाचली असेल तेव्हा तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपला समवयस्क होता, त्याच्या वडिलांचा आपल्यालाही राग येत होता आणि वसतिगृहातले प्रसंग मित्रांना वाचून दाखवण्याजोगे वाटत होते. आता तीच कादंबरी उघडल्यास आपण नकळत वडिलांच्या बाजूने हिशेब करू लागता, पैसे पाठवणाऱ्या त्या माणसाला घरी काय वाटत असेल हा विचार मनात येतो, आणि पांडुरंगाची बहीण मनी हिच्या मृत्यूची पाने पूर्वीपेक्षा हळू वाचावी लागतात. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’चे (१९५९) तर विचारूच नये. ज्या कादंबरीला १९७४ मध्ये मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ती आपण बहुधा शर्मिष्ठेसाठी वाचली होती. मुलाकडे तारुण्य मागणारा बाप किती केविलवाणा आणि किती ओळखीचा आहे, हे साठीतच कळते. तिची भाषा आज काहीशी अलंकृत वाटेल, ते सोसावे.

मात्र दोन जुन्यांनंतर एक नवी, असा नेम ठेवावा. नुसते जुनेच वाचत राहिल्यास आवड हळूहळू अभिमान होऊन बसते, आणि अशा वाचकाशी बोलणे कंटाळवाणे असते.

प्रश्न : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दूरचे उत्तम दिसते, पण बारीक टाइपाची जुनी पुस्तके वाचताना त्रास होतो. काही उपाय?
— एक निवृत्त परिचारिका, ठाणे

उत्तर : वाचनाच्या चष्म्याचा अंतिम क्रमांक डोळा पूर्ण स्थिरावल्यावरच काढतात, तोवर तयार चष्म्यावर भागवू नये, केव्हा काढावा ते आपले नेत्रतज्ज्ञ सांगतील. प्रकाश डोळ्यांवर न येता खांद्यामागून पानावर यावा आणि दुपारी खिडकीशी बसताना ऊन थेट कागदावर पडू नये. ज्या कादंबऱ्या ई-पुस्तक रूपात मिळतात त्यांचे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. श्राव्य पुस्तकेही आता मराठीत बरीच आहेत आणि भाजी निवडताना त्यांचा उपयोग होतो; परंतु वाचून दाखवणाऱ्याचा आवाज न रुचल्यास चांगली कादंबरीही नकोशी होते, म्हणून आधी नमुना ऐकावा. आपल्या शहरातले १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आपणास माहीत असेलच. तेथे एकाच कादंबरीच्या निरनिराळ्या आवृत्त्या असल्यास मोठ्या टाइपाची मागून घ्यावी. विचारल्याशिवाय ती कोणी देत नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि यजमानांना रक्तदाब. उन्हाळ्यात पन्हे, आमरस, मठ्ठा यांपैकी काय चालेल? वाचायला बसले की पाणी पिण्याचे भानही राहत नाही.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : गुळाचे पन्हे साखरेच्या पन्ह्यापेक्षा मधुमेहाला निर्धोक असते, ही समजूत घरोघरी आहे आणि ती मनातून काढून टाकावी, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. कैऱ्या उकडून किंवा भाजून त्यांचा गर बिनसाखरेचा, लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. प्यायच्या वेळी दोन चमचे गर, गार पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चुरडलेला पुदिना एवढेच घ्यावे. आपल्या पेल्यात चिमूटभर मीठ, यजमानांच्या पेल्यात नाममात्र. मठ्ठ्यालाही आले, जिरे आणि कोथिंबीर सढळ घातल्यास मिठाची उणीव जाणवत नाही. बाजारातल्या ताकाच्या पिशव्यांत मीठ बरेच असते, म्हणून ताक घरचेच करावे. आमरसाऐवजी आंब्याच्या फोडी खाव्यात, त्याही अर्ध्या फळाच्या, आणि त्या दिवशी ताटातली एक पोळी कमी करावी. जेवण पुरते झाल्यावर वरून आंबा, हा प्रकार नको. याबाबत आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे.

पाण्याचा मुद्दा आपण शेवटी लिहिला आहे, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवे असूनही घसा ते सांगत नाही. तांब्या-भांडे खुर्चीशेजारी ठेवावे आणि प्रत्येक प्रकरण संपले की अर्धे भांडे पाणी, असा नियम करावा. यजमानांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील किंवा हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी पाण्याचे प्रमाण बांधून दिलेले असेल, तर मात्र ते प्रमाण ओलांडू नये.

प्रश्न : आम्ही दोघे जून ते ऑगस्ट मुलाकडे न्यू जर्सीत असतो. सून-मुलगा कामावर, नातवंडे शिबिरांत. दिवस मोकळा असतो. सामानाचे वजन मोजून न्यावे लागते. पुस्तके कोणती न्यावीत आणि तेथे उन्हाळ्यात काय करावे?
— एक निवृत्त दांपत्य, नाशिक

उत्तर : एकच मोठी कादंबरी न्यावी, जी येथे शेजारी, लग्नकार्ये आणि दूरदर्शन यांच्यामुळे कधीच पुरी होणार नाही. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) या कामासाठी उत्तम आहे. अनेक शतकांचा पट असलेली ती कादंबरी तीन महिने पुरेल आणि दोघांना आळीपाळीने वाचता येईल. उरलेली भूक ई-पुस्तकांवर भागवावी. तिकडच्या अनेक महाराष्ट्र मंडळांच्या सभासदांकडे वर्षानुवर्षे आणलेली पुस्तके साठलेली असतात आणि ती वाचणारी पुढची पिढी घरात नसते, तेव्हा एखाद्या कार्यक्रमात नुसती चौकशी केली तरी पिशवी भरेल. येताना ती परत करावीत, एवढे पथ्य.

स्वयंपाकाचे म्हणाल तर कैरी, आमसुले, गोठवलेले किसलेले खोबरे, कढीपत्ता हे सारे न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांत मिळते. नाशिकहून नेण्याजोगे असेल तर ते घरचे मेतकूट आणि सातूचे पीठ. गहू ओलसर करून कांडून, भाजून, त्यात निम्मे डाळे व थोडे जिरे घालून दळलेले हे पीठ दुधात किंवा पाण्यात गूळ घालून कालवले की दुपारचे खाणे झाले. पिठे नीट बंद पाकिटात, नाव लिहून आणि विमानतळावरच्या प्रपत्रात नमूद करूनच न्यावीत. बाकी तेथील घरात वातानुकूलन अखंड चालू असल्याने पहिल्या आठवड्यातच आपणास दुपारी गरम वरणभात हवासा वाटू लागेल. तो खुशाल करावा. मात्र फोडणी देण्यापूर्वी ओट्यावरचा पंखा लावावा, नाहीतर छताचा धूरसूचक ओरडू लागतो आणि सुनेला कचेरीतून फोन करावा लागतो.